व्हीएमएमवर कड कोण ठरवतं?

पडद्यावर २४.९८७३ मिमी असा आकडा येतो आणि तो जसाच्या तसा रिपोर्टात उतरतो. चार दशांश स्थळं, शेजारी हिरवी खूण, विषय संपला. पण व्हिडिओ मेझरिंग मशीनच्या (व्हीएमएम, कॅमेऱ्याच्या चित्रावरून माप घेणारं मशीन) काचेच्या स्केलचं रिझोल्यूशन बहुधा १ किंवा ०.५ मायक्रॉन असतं, महागड्या मशीनवर ०.१. म्हणजे चौथ्या दशांशातला तो ३ बहुतेक मशीनवर हिशेबातून आलेला असतो, मोजमापातून नाही. त्याच्या आधीचा ७ सुद्धा खालची लाईट थोडी वाढवली की ४ होऊ शकतो.

मायक्रोमीटरचे जबडे पार्टला टेकतात. व्हीएमएम कशालाच टेकत नाही. त्याला उजेड-अंधाराचं एक चित्र मिळतं आणि त्या चित्रात कड कुठे मानायची हे लाईट, लेन्स आणि सॉफ्टवेअर मिळून ठरवतात. ब्रोशरमधले आणि सॉफ्टवेअरमधले जवळजवळ सगळे शब्द या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी इथल्या औद्योगिक वसाहतींत प्लास्टिक मोल्डिंग, रबर किंवा छोटे टर्न केलेले पार्ट तपासणाऱ्यांना हे शब्द रोज लागतात. म्हणून ते अकारविल्हे न लावता, उजेड ज्या वाटेने जातो त्या क्रमाने घेतले आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. या मशीनमध्ये दोन पट्ट्या एकाच वेळी काम करतात. एक टेबलाखालची काचेची स्केल, दुसरी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे पिक्सेल. कडेचा कुठलाही बिंदू म्हणजे टेबलाची जागा अधिक चित्रातली जागा. छोटं भोक पूर्ण पडद्यात मावत असेल तर फक्त पिक्सेलची पट्टी वापरली जाते आणि स्केल कितीही भारी असली तरी तिचा काही उपयोग होत नाही. पार्ट पडद्याबाहेर जाऊन टेबल हलवावं लागलं की दोन्ही पट्ट्यांच्या चुका एकत्र येतात. एखादं माप चुकत असेल तर ते कुठल्या पट्टीवर चुकतंय हा पहिला प्रश्न.

लाईट

खालची लाईट, म्हणजे कॉन्टूर किंवा प्रोफाईल लाईट, पार्टची सावली दाखवते. वरची रिंग लाईट पृष्ठभाग दाखवते; तिचे चार किंवा आठ भाग वेगवेगळे चालू-बंद करता येतात. कोअॅक्सियल लाईट लेन्सच्या आतूनच सरळ खाली पडते, त्यामुळे सपाट चकचकीत पृष्ठभाग उजळ दिसतो आणि उतार किंवा चॅम्फर (तिरकी छाटलेली कड) काळा. जिथे खालच्या लाईटने काम होतं तिथे दुसरी लाईट वापरू नये, कारण सावलीची कड सगळ्यात स्वच्छ असते. रिंग लाईटमध्ये मशीनिंगच्या रेघा, तेलाचा थेंब, रंगाचा डाग हे सगळं सॉफ्टवेअरला कडेसारखंच दिसतं.

मात्र खालच्या लाईटचीही एक खोड आहे. तीव्रता जास्त झाली की पांढरा भाग काळ्यावर चढतो. दांडा खऱ्यापेक्षा बारीक आणि भोक खऱ्यापेक्षा मोठं येतं. चूक काही मायक्रॉनचीच असते, पण ती नेहमी एकाच दिशेने जाते, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ती जात नाही. ग्रे लेव्हल, म्हणजे पिक्सेलचा उजळपणा, ० (काळा) ते २५५ (पांढरा) असते. मोकळी पार्श्वभूमी २५५ ला जाऊन अडकली असेल तर तिथली माहिती गेली असं समजावं. ती २०० ते २३० च्या दरम्यान ठेवली की कडेचा उतार शाबूत राहतो. 'डोळ्याला बरी दिसते तेवढी लाईट' हे उत्तर चालत नाही. लाईटचा आकडा प्रोग्राममध्ये कोरला गेला पाहिजे, आणि तोही प्रत्येक झूमसाठी वेगळा, कारण झूम वाढवला की चित्र काळोखं होतं. एलईडी चालू केल्यावर पहिली २०-३० मिनिटं तापेपर्यंत तिची तीव्रता सरकत असते, आणि वर्षांनुवर्षं वापरून ती उतरतेही. त्यामुळे '४५ टक्के' या सेटिंगला आज मिळणारा उजेड दोन वर्षांनी तेवढाच असेल असं नाही. ग्रे लेव्हल तपासणं हाच खरा मार्ग.

गोल दांडा आडवा ठेवून त्याचा व्यास घेणं हे तर लाईटच्या चुकीचं हुकमी उदाहरण. साध्या, पसरट खालच्या लाईटमधून तिरके किरणही निघतात. ते दांड्याच्या गोल बाजूला घासून परावर्तित होतात आणि लेन्समध्ये शिरतात. सावलीची जी कड काळी दिसायला हवी ती उजळते आणि व्यास कमी भरतो. पातळ पत्र्याला हा त्रास होत नाही, कारण घासायला बाजूच नसते. उपाय म्हणजे कोलिमेटेड लाईट, जिचे किरण एकमेकांना समांतर येतात. ती नसेल तर खालच्या लाईटला अॅपर्चर असल्यास ते बारीक करावं. खात्री करायची रीतही सोपी: ज्ञात व्यासाची एक पिन गेज पार्टच्याच जागी, त्याच झूमवर, त्याच लाईटमध्ये आडवी ठेवून मोजावी. ५.००० ची पिन ४.९९५ दाखवत असेल तर पार्टमध्येही साधारण तेवढीच चूक आहे. पिनेचा व्यास आणि चकाकी पार्टच्या जवळपासची हवी, नाहीतर ही तुलना फसते.

मशीन पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलेलं असेल तर दुपारी तीननंतर रिंग लाईटची मापं सरकतात. पडदा लावा. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

कड

आता मुख्य मुद्दा. कडेवरून आडवी रेघ मारून त्या रेघेवरच्या पिक्सेलची ग्रे लेव्हल पाहिली तर काळ्यातून पांढऱ्यात एकदम उडी दिसत नाही, उतार दिसतो. २०, २५, ६०, १३०, १९५, २१५, २२० असा. या उतारावर कड कुठे मानायची? थ्रेशोल्ड पद्धत म्हणते, एक पातळी ठरवा, समजा १२०, आणि उतार ती पातळी जिथे ओलांडतो तिथे कड. ग्रेडियंट पद्धत म्हणते, उतार जिथे सगळ्यात तीव्र तिथे कड. मिरामारच्या सपाट वाळूवर पाणी वीतभर चढलं की काठ बराच आत सरकतो, पण पणजीच्या जेटीच्या उभ्या भिंतीला तेवढंच पाणी चढलं तरी काठ जिथल्या तिथे. थ्रेशोल्डचं तसंच. उतार उभा असेल, म्हणजे फोकस नेमका आणि कड तीक्ष्ण असेल, तर पातळी १०० ठेवा की १४०, आकडा फारसा हलत नाही. उतार पसरट असेल तर लाईटच्या प्रत्येक फरकाबरोबर माप हलतं. म्हणून थ्रेशोल्ड मुद्दाम २० ने वर-खाली करून पाहावा. माप २ मायक्रॉनपेक्षा जास्त हललं तर दोष फोकसमध्ये, लाईटमध्ये किंवा पार्टच्या कडेतच आहे, आणि थ्रेशोल्ड 'जुळवून' तो दोष झाकू नये. अपेक्षित आकडा येईपर्यंत थ्रेशोल्ड फिरवत बसणं हा व्हीएमएमवरचा सगळ्यात मोठा अपराध आहे.

सब-पिक्सेल म्हणजे उताराच्या आकारावरून दोन पिक्सेलच्या मधली जागा काढणं. एक पिक्सेल ७ मायक्रॉनचा असेल आणि कड छान असेल तर त्याच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे ०.७ मायक्रॉनपर्यंत जागा स्थिर येऊ शकते. ब्रोशरमध्ये यापेक्षा बारीक दावे असतात. काचेवरच्या क्रोमच्या रेघेवर ते खरेही ठरतील, पण गोलसर कडेच्या रबरावर नाही.

सॉफ्टवेअरच्या एज टूलमध्ये आणखी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. शोध अंधारातून उजेडाकडे की उलट. पहिली कड घ्यायची की सगळ्यात ठळक. आणि फिल्टर किती कडक. फिल्टर धूळ, धागा, बर (कापल्यावर कडेला राहिलेली कुसळं) यांचे उडालेले बिंदू बाजूला टाकतो. तो हवाच, पण तो बर लपवतो हेही खरं. ड्रॉईंगमध्ये 'बर नको' असं लिहिलेलं असताना फिल्टर लावून रिपोर्ट स्वच्छ काढणं म्हणजे ग्राहकाच्या डोळ्यांत धूळफेक. अशा पार्टसाठी एकदा फिल्टर लावून आणि एकदा काढून मोजावं. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे बरचा अंदाज.

आणि कड तरी कुठल्या उंचीवरची? सावली नेहमी सगळ्यात बाहेर आलेला भाग दाखवते. आरपार भोकात ती सगळ्यात अरुंद जागा दाखवते. मोल्ड केलेल्या पार्टला साच्यातून सुटण्यासाठी ड्राफ्ट, म्हणजे भिंतींना थोडा उतार, दिलेला असतो. १० मिमी खोल भोकाला प्रत्येक बाजूला १ अंश ड्राफ्ट असेल तर वरच्या आणि खालच्या व्यासात ०.३५ मिमीचा फरक पडतो. खालच्या लाईटने लहान व्यासच येणार, मग फोकस वरच्या कडेवर ठेवा की कुठेही. ड्रॉईंगमध्ये वरच्या तोंडाचा व्यास मागितला असेल तर रिंग किंवा कोअॅक्सियल लाईटने, वरच्या कडेवर फोकस करूनच तो घ्यावा लागतो. काउंटरसिंकचंही (स्क्रूच्या डोक्यासाठी तोंडाशी रुंद केलेलं भोक) तेच. मोल्डरचा आणि ग्राहकाचा आकडा ०.३ मिमीने वेगळा आला की बहुतेक वेळा दोघांचीही मशीन ठीक असतात. दोघांनी भोकाची वेगवेगळी टोकं मोजलेली असतात.

लेन्स आणि पडद्यावरचं ते ३०० पट

साधी लेन्स जवळची वस्तू मोठी आणि लांबची छोटी दाखवते. लेन्सपासून पार्ट सुमारे ९० मिमीवर असेल आणि पार्टचा पृष्ठभाग १ मिमी वर आला तर चित्र सुमारे १.१ टक्के मोठं होतं. ५ मिमीच्या मापात ही ५५ मायक्रॉनची चूक झाली. नीट फोकस करून मोजलं तर ती टळते, पण एकाच चित्रात वेगवेगळ्या उंचीच्या कडा असतील तर टळत नाही. टेलिसेंट्रिक लेन्समध्ये किरण अक्षाला समांतरच आत घेतले जातात, त्यामुळे उंची बदलली तरी आकार बदलत नाही, चित्र फक्त धूसर होतं. अर्थात कुठलीही लेन्स शंभर टक्के टेलिसेंट्रिक नसते. ०.१ अंशाचा कल असेल तर १० मिमी उंचीच्या फरकाला एका बाजूची कड १७ मायक्रॉन सरकते. ब्रोशरमध्ये 'टेलिसेंट्रिक' हा शब्द नुसता असेल तर पुरेसं नाही. किती अंश, ते विचारावं.

'पडद्यावर ३०० पट' हा आकडा मात्र विकण्यासाठीच असतो. हिशेब असा: अर्ध्या इंची म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरची खरी मापं ६.४ × ४.८ मिमी, कर्ण ८ मिमी. (अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, मग ८ कसा? जुन्या कॅमेरा-ट्यूबच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं हे नाव आहे, ते तसंच चिकटून राहिलं.) २१.५ इंची मॉनिटरचा कर्ण ५४६ मिमी. ५४६ भागिले ८ म्हणजे ६८ पट तर नुसत्या मॉनिटरमुळेच झालं. लेन्स ०.७ ते ४.५ झूमची असेल तर पडद्यावर सुमारे ४८ ते ३०७ पट. मॉनिटर मोठा घेतला की हा आकडा वाढतो, मोजमाप तसूभरही सुधारत नाही.

विचारायचं असतं ते फील्ड ऑफ व्ह्यू आणि एनए. वरच्याच उदाहरणात ०.७ झूमला ९.१ मिमी रुंदीचा भाग दिसतो, ४.५ ला १.४ मिमी. रुंदीत १२८० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल अनुक्रमे ७.१ आणि १.१ मायक्रॉनचा. एनए, म्हणजे न्यूमेरिकल अॅपर्चर, लेन्स किती तिरके किरण आत घेते ते सांगतो. ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी भागिले एनए, इतकं लेन्सचं रिझोल्यूशन. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉन धरला तर एनए ०.०३ ला ११ मायक्रॉन, ०.१ ला ३.४ मायक्रॉन. त्याच्या निम्म्याहून फार लहान पिक्सेल घेऊन फारसा उपयोग नाही. कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा घातला तरी तोच धूसरपणा जास्त तुकड्यांत कापला जातो.

डेप्थ ऑफ फील्ड ढोबळ मानाने तरंगलांबी भागिले एनएचा वर्ग. ०.०३ ला ०.६ मिमी, ०.१ ला फक्त ५५ मायक्रॉन. यातून एक सरळ नियम निघतो. फोकस वापरून झेड, म्हणजे उंची मोजायची असेल तर नेहमी सगळ्यात जास्त झूमवर. कमी झूमला अर्ध्या मिमीच्या पट्ट्यात कुठेही चित्र स्पष्टच दिसतं, मग ऑटोफोकसने दिलेल्या उंचीला अर्थ उरत नाही. ऑटोफोकस कॉन्ट्रास्ट शोधतो. आरशासारख्या लॅप केलेल्या पृष्ठभागावर त्याला धरायला काही मिळत नाही आणि तो वर-खाली भटकत राहतो. ग्रिड प्रोजेक्टर (पृष्ठभागावर उजेडाची जाळी पाडणारा) असेल तर तो वापरावा. नसेल तर मार्करचा बारीक ठिपका देऊन, त्याच्या कडेवर फोकस करून काम भागतं. शाईची जाडी मायक्रॉनभर असते हे लक्षात ठेवून.

झूम लेन्सला खटके असतात ते याचसाठी. प्रत्येक खटक्याचं स्वतःचं पिक्सेल कॅलिब्रेशन असतं. दोन खटक्यांच्या मध्ये झूम अडकलेला असेल, किंवा झूम हाताने बदलला आणि सॉफ्टवेअरमध्ये लेन्स निवडायची राहिली, तर माप काही टक्क्यांनी चुकतं. ही चूक निदान इतकी मोठी असते की लगेच लक्षात येते.

पिक्सेलचं कॅलिब्रेशन आणि टेबल

पिक्सेल कॅलिब्रेशन काचेवरच्या क्रोमच्या वर्तुळावर करतात. वर्तुळाने पडद्याची साधारण ६० ते ८० टक्के उंची भरावी. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, टेबलाची काचही. मग फोकस, मग लाईट २०० ते २३० वर, मग कॅलिब्रेशन. त्यानंतर तेच वर्तुळ, किंवा त्याहून लहान, पडद्याच्या चारही कोपऱ्यांत नेऊन पुन्हा मोजावं. मध्यभागी ०.५००० आणि कोपऱ्यात ०.५०२० येत असेल तर ते लेन्सचं डिस्टॉर्शन, आणि त्या झूमला मापं मध्यभागीच घ्यावीत.

कॅमेऱ्याचा अक्ष टेबलाच्या अक्षाशी जुळलेला आहे ना, ही तपासणी बहुतेक जण विसरतात. एक ठिपका पडद्याच्या डाव्या टोकाला ठेवून फक्त एक्स हलवत उजव्या टोकाला न्यावा. तो वर-खाली एका पिक्सेलपेक्षा जास्त सरकला तर कॅमेरा फिरलेला आहे. ०.१ अंशाचा फिरलेपणा ५ मिमीच्या अंतराला जवळजवळ ९ मायक्रॉन खातो. कॅमेरा सर्व्हिसिंगसाठी काढून परत बसवला की हे हमखास घडतं.

टेबलाच्या अचूकतेचं सूत्र ब्रोशरमध्ये असं दिसतं: ±(२.५ + एल/२००) मायक्रॉन, एल म्हणजे मिमीमध्ये लांबी. १०० मिमीला हे ३ मायक्रॉन होतं. यालाच एमपीई म्हणतात, जास्तीत जास्त चालू शकणारी चूक. हे तपासायची पद्धत आयएसओ १०३६०-७ या मानकात आहे. इमेजिंग प्रोब असलेल्या मशीनसाठीचा हा भाग २०११ साली आला. सूत्रासोबतच्या बारीक अक्षरांकडे मात्र जास्त लक्ष हवं. २० अंशाला, अमुक वजनापर्यंत, एक्स-वाय प्रतलात, आणि बहुधा काचेवरच्या क्रोमच्या कडांवर. क्रोमची कड म्हणजे या मशीनला मिळू शकणारी सगळ्यात आदर्श कड. सूत्रातले ते ३ मायक्रॉन तुमच्या बर असलेल्या ब्रासच्या पार्टला लागू नाहीत.

एक्स आणि वाय काटकोनात नसतील तर १० आर्कसेकंदाला २०० मिमीवर सुमारे १० मायक्रॉन चूक येते. काचेचा ग्रिड ठेवून त्याचा एक कर्ण मोजावा, मग ग्रिड ९० अंश फिरवून तोच कर्ण पुन्हा. दोन आकडे वेगळे आले तर दोष टेबलाचा, ग्रिडचा नाही. अबेची चूक ही स्केल आणि मोजमापाची रेघ एका सरळीत नसल्याने येते (अर्न्स्ट अबे यांनी १८९० मध्ये मांडलेलं तत्त्व). व्हीएमएममध्ये स्केल टेबलाखाली आणि पार्ट वर, त्यामुळे उंच फिक्स्चरवर ठेवलेल्या पार्टला ती जास्त बाधते. फिक्स्चर शक्य तितकं बुटकं करावं.

आकृती बसवणं

बिंदू गोळा झाल्यावर सॉफ्टवेअर त्यांतून रेघ किंवा वर्तुळ बसवतं. नेहमीचं वर्तुळ लीस्ट स्क्वेअरचं, म्हणजे सरासरी. भोकात पिन शिरणार आहे का हे पाहायचं असेल तर आत मावणारं मोठ्यात मोठं वर्तुळ घ्यावं, दांड्यासाठी बाहेरून वेढणारं लहानात लहान. अंडाकृती झालेल्या भोकात लीस्ट स्क्वेअर 'ओके' म्हणतं आणि पिन मात्र शिरत नाही. ओ-रिंगसारख्या मऊ वस्तूला उलट लीस्ट स्क्वेअरच बरं, कारण ती टेबलावर ठेवली की गोल राहतच नाही. पूर्ण परिघावर शेकडो बिंदू घ्यावेत आणि रिंगला पीळ पडलेला नाही एवढं बघावं.

छोट्या कमानीचा रेडियस हा वादाचा कायमचा विषय. ५ मिमी रेडियसची फक्त ३० अंशांची कमान उपलब्ध असेल तर त्या कमानीची उंची ०.१७ मिमी भरते. त्या उंचीत १ मायक्रॉनची चूक झाली की रेडियस सुमारे २८ मायक्रॉनने बदलतो. मशीन बिघडलेलं नसतं. भूमितीच तशी आहे. अशा ठिकाणी रेडियस मोजण्याचा हट्ट सोडून, ड्रॉईंगमधली टॉलरन्सची, म्हणजे मापाच्या कमाल-किमान मर्यादेची, दोन्ही वर्तुळं चित्रावर ठेवून प्रोफाईल आत बसतं का ते पाहणं शहाणपणाचं. १९२० च्या दशकात जेम्स हार्टनेस आणि रसेल पोर्टर यांनी स्क्रूच्या आट्यांची सावली मोठी करून पडद्यावरच्या रेषांशी ताडून पाहणारा कम्पॅरेटर केला, तो याच विचाराने. (हार्टनेस १९२१ ते १९२३ अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टचे गव्हर्नरही होते. क्वालिटीवाल्यांना एवढी बढती क्वचितच मिळते.)

स्क्यू, म्हणजे पार्टचा अक्ष सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणं, शक्य तितक्या लांब कडेवर करावं. आणि पार्ट झोपलेला आहे ना ते बघावं. ३० मिमीच्या पत्र्याच्या एका टोकाखाली अर्ध्या मिमीची बर असेल तर पत्रा जवळजवळ १ अंश कलतो. लांबी ४ मायक्रॉननेच कमी येईल, पण जास्त झूमला एक टोक फोकसबाहेर जाईल आणि खरी चूक तिथून शिरेल.

गोव्याची हवा

लांबीचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस. शॉपमध्ये ३२ अंशाला पडलेला १०० मिमीचा अॅल्युमिनियमचा पार्ट २० अंशाच्या तुलनेत सुमारे २८ मायक्रॉन लांब असतो, स्टीलचा १४. पॉलीप्रॉपिलीनचा ०.१ मिमीच्या वर. सॉफ्टवेअरमध्ये तापमान भरपाईचा रकाना असतो, पण तो पार्टचं तापमान विचारतो, खोलीचं नव्हे. मोल्डिंग मशीनमधून काढलेला ताजा पार्ट तर मोजूच नये. तो थंड झाल्यावरही आकसत असतो, म्हणून २४ तासांनी मोजायची पद्धत आहे. नायलॉन ओलावा शोषून फुगतो. मे महिन्यात पास झालेला नायलॉनचा पार्ट जुलैत वरच्या टॉलरन्सला टेकला तर साच्याला हात लावण्याआधी पार्ट कुठे आणि किती दिवस उघडा पडला होता ते विचारावं.

पावसाळ्यात बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू २५ च्या आसपास येतो. २० अंशाच्या खोलीचं दार उघडं राहिलं की ती हवा थंड काचेवर आणि लेन्सवर दव धरते. चित्र धूसर होतं, उतार पसरतो, आणि वर सांगितलेली थ्रेशोल्डची सगळी भानगड सुरू होते. दोन दारांची छोटी खोली यावर उत्तम. नाहीतर दाराला क्लोजर तरी हवाच. आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत ठेवावी. त्यापुढे लेन्सवर बुरशी धरते आणि ती कोटिंग खाते. पुसून डाग जात नाहीत. चवथीच्या सुट्टीत वीज वाचवायला एसी आणि डीह्युमिडिफायर बंद करून जाणं यासाठीच महागात पडतं. निदान डीह्युमिडिफायर चालू ठेवावा, लेन्सला टोपी घालावी, मशीनवर आवरण टाकून आत सिलिका जेल ठेवावं आणि तिचा रंग बदलला की ती भट्टीत वाळवावी. वीज गेली-आली की टेबलाला होम पोझिशनला नेऊन रेफरन्स पुन्हा घ्यावा. युपीएस असला तरी.

पक्कं चुकणारं मशीन

जीआर अँड आर (मशीन आणि ऑपरेटर यांच्यामुळे मापात किती फरक पडतो याचा अभ्यास) बहुधा १० पार्ट, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा असा करतात. १० टक्क्यांखाली छान, ३० च्या वर नापास. व्हीएमएमवर प्रोग्राम चालवून हा अभ्यास केला तर तो जवळजवळ नेहमीच सुंदर येतो, कारण तिन्ही ऑपरेटर तीच लाईट, तोच थ्रेशोल्ड, तोच फोकस वापरतात. लाईट चुकीची असेल तर ९० च्या ९० रीडिंग सारखीच चुकतात. पुनरावृत्ती चांगली आहे एवढंच कळतं. आकडा खरा आहे का हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बायस, म्हणजे खऱ्या मापापासूनचा फरक, वेगळा काढावा लागतो: कॅलिब्रेट केलेली पिन, रिंग किंवा स्लिप गेज पार्टच्याच प्रोग्रामने, पार्टच्याच लाईटमध्ये मोजून. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून आलेलं मशीनचं सर्टिफिकेट काचेच्या स्केलवर घेतलेलं असेल, तर ते टेबल आणि लेन्सबद्दल बोलतं. तुमच्या पार्टच्या कडेबद्दल ते काहीच बोलत नाही.

आणि दोन ठिकाणी दोन आकडे आले, जे येतातच, तर मेलवर 'आमचं मशीन कॅलिब्रेटेड आहे' असं एकमेकांना लिहीत बसू नये. तोच एक पार्ट, त्यावर खूण करून, दोन्हीकडे मोजावा आणि सोबत एवढं पाठवावं: कुठली लाईट आणि पार्श्वभूमीची ग्रे लेव्हल किती, झूम कुठला, फोकस कुठल्या उंचीवर, किती बिंदू, फिल्टर चालू की बंद, वर्तुळ कुठल्या पद्धतीचं, डेटम, म्हणजे मापाचा आधार, कुठली कड, पार्टचं तापमान किती. शक्य असेल तर कडेचा स्क्रीनशॉट, मोजलेल्या बिंदूंसकट. बहुतेक वेळा फरक फोकसच्या उंचीत किंवा फिल्टरमध्ये सापडतो. तिथेही सापडला नाही तर पार्ट पालथा घालून दोन्हीकडे पुन्हा मोजावा.